सीएसआरवर प्रबंध लिहायचाय? कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी थोडं कामाचं

माझा एम.कॉम.चा लघुप्रबंध जमा झाला. विषय कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे आपल्या भाषेत सीएसआरचा. तेव्हापासून ज्युनिअर मुलंमुली एकच विचारतात, "ताई, तुमची कॉपी मिळंल काय?" कॉपी देऊन कुणाचं भलं होत नाही. त्यापेक्षा कुठून सुरू करायचं, कागद कुठं मिळतात, गेटवर काय बोलायचं आणि गावात काय विचारायचं, एवढं सांगते. बी.कॉम., बीबीए, एमबीएच्या प्रोजेक्टलाही यातलं बरंच चालेल.

विषय लहान करा आणि संस्थेची नोंदणी बघा

'महाराष्ट्रातील कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा चिकित्सक अभ्यास' असलं शीर्षक घेऊन गाईडकडे जाऊ नका. सर हो म्हणतील, पण पुढं तुम्हीच अडकाल. एक परिसर, एक प्रकारचं काम आणि एक प्रश्न पुरे. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या कंपन्यांनी आसपासच्या शाळांना जे दिलं ते तीन वर्षांनी कसं आहे? २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यात कंपन्यांची मदत कोणत्या रूपात आली? असे प्रश्न एका सेमिस्टरमध्ये पेलतात.

प्रश्न ठरला की ज्या संस्थेचा अभ्यास करणार तिची नोंदणी कशाखाली आहे ते बघा. आपल्याकडे घोळ होतो तो इथंच. कोल्हापूर म्हटलं की डोळ्यांपुढं पहिल्यांदा साखर कारखाना येतो, मग गोकुळ, वारणा, सूतगिरण्या. पण सहकारी संस्था नोंदवल्या जातात त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली, काही बहुराज्य सहकार कायद्याखाली. सीएसआरची सक्ती आहे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये. त्यामुळं सहकारी कारखान्याला नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर खर्चायची अट लागूच होत नाही. खासगी साखर कारखाना कंपनी असतो, त्याला ती लागू होऊ शकते. एकाच तालुक्यात शेजारी शेजारी दोन धुराडी, ऊस तोच, शेतकरी तेच आणि कायदा मात्र वेगळा.

उद्यमनगरातली जुनी वर्कशॉप्स, शिरोलीतल्या कित्येक फाउंड्र्या यांची गोष्टही अशीच. बऱ्याच मालकीच्या किंवा भागीदारीच्या आहेत. ज्या प्रायव्हेट लिमिटेड आहेत त्यातल्या अनेकांचा नफा कायद्याच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही. म्हणून त्यांच्यावर लिहू नये असं नाही. उलट सक्ती नसताना एखादा फाउंड्रीवाला गावच्या तालमीला मॅट का देतो, हा विषय मला जास्त रसाळ वाटतो. फक्त प्रश्नावलीत 'आपण कलम १३५ चे पालन करता का?' असं छापून त्याच्यापुढं ठेवू नका. तो 'होय' वर टिक करून मोकळा होईल आणि तुमचा तक्ता वाया जाईल.

कायदा मूळातनं वाचा

गाईडबुकातल्या व्याख्यांपेक्षा कलम १३५, परिशिष्ट सात (सीएसआरमध्ये कोणती कामं बसतात त्याची यादी) आणि सीएसआर नियम एकदा स्वतः वाचा. फार पानं नाहीत. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, यातलं एक जरी बसलं तरी ती कंपनी या कलमात आली. तिनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के खर्च करायचा.

समजा तीन वर्षांचा नफा ६, ८ आणि १० कोटी. सरासरी ८ कोटी, दोन टक्के म्हणजे १६ लाख. हा नफा कलम १९८ प्रमाणं काढायचा असतो, म्हणजे आयकर वजा न करता. नफातोटा पत्रकाच्या तळाचा करोत्तर आकडा उचलून 'कंपनीने कमी खर्च केला' किंवा 'जास्त केला' असा निष्कर्ष काढलात तर व्हायवाला पहिला बॉल तिथंच पडणार. आणि या १६ लाखवाल्या कंपनीत सीएसआर समिती शोधत बसू नका. बंधनाची रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर समिती नेमण्याची सक्ती नाही, ते काम संचालक मंडळच बघतं.

जुने प्रबंध चाळताना तारखेवर लक्ष ठेवा. जानेवारी २०२१ च्या आधी खर्च झाला नाही तर कारण सांगून सुटता यायचं. त्यानंतर नियम कडक झाले. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे, प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत परिशिष्ट सातमधल्या एखाद्या निधीत भरायचे. चुकवलं तर कंपनीला न भरलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यातलं जे कमी तेवढा दंड. २०१८ सालचा प्रबंध समोर ठेवून 'दंडाची तरतूद नाही' असं आजही लिहिलेलं मी वाचलंय.

परिशिष्ट सातमध्ये काय बसतं ते बघताना आपल्या जिल्ह्याचं चित्र डोळ्यांपुढं ठेवा. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्यात आहे, म्हणजे कुस्तीचा आखाडा बसतो. वारसा जतन आहे. आपत्ती व्यवस्थापन, मदत आणि पुनर्वसन हा मुद्दा मे २०१९ मध्ये स्वतंत्रपणे घातला गेला आणि त्याच ऑगस्टात आपल्याकडं महापूर आला. पूरमदतीवर लिहिणाऱ्यानं ही जुळणी सोडू नये. काय बसत नाही तेही तितकंच महत्त्वाचं: फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचं काम, राजकीय पक्षाला देणगी, मार्केटिंगसाठीचं प्रायोजकत्व आणि कंपनीचा नेहमीचा धंदा.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण माझ्या सगळ्या कामाचा गाभा तोच आहे. कामगाराला मिळणारा पगार, कंत्राटी कामगाराचा पीएफ, फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायच्या खात्यात उडणारी सिलिकाची धूळ, ओढ्यात जाणारं सांडपाणी, यातलं काहीही सीएसआरच्या हिशेबात येत नाही. त्यासाठी वेगळे कायदे आहेत. म्हणजे एखादी कंपनी कलम १३५ मध्ये शंभर टक्के पास असू शकते आणि तिच्या भिंतीपलीकडच्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं नसू शकतं. पैसा कसा कमावला आणि दोन टक्के कसे वाटले, हे दोन प्रश्न प्रबंधात शेजारी शेजारी ठेवा. पहिला गाळून नुसता दुसरा लिहिलात तर कंपनीचं माहितीपत्रक तयार होतं.

पंचगंगेबाबत मात्र घाई नको. नदी काळी झाली की बोट कारखान्याकडं जातं. पण कोल्हापूर आणि इचलकरंजी या दोन शहरांचं सांडपाणीही तिच्यातच जातं. एका कंपनीवर खापर फोडण्याआधी ओढा कुठून येतो आणि त्यात वाटेत काय काय मिसळतं, हे पायी जाऊन बघा.

कागद गोळा करा

सूचीबद्ध कंपनी असेल तर काम सोपं. वार्षिक अहवाल कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मेनन बेअरिंग्ज, इंडो काउंट अशा या मातीशी नातं असलेल्या सूचीबद्ध कंपन्या आहेत, त्यांचे अहवाल सरावासाठी उघडा. संचालकांच्या अहवालाला जोडलेलं सीएसआरचं परिशिष्ट काढा. प्रकल्प, जिल्हा, रक्कम, काम थेट केलं की संस्थेमार्फत, संस्थेचा सीएसआर नोंदणी क्रमांक, सगळं तक्त्यात असतं. सूचीबद्ध नसलेल्या कंपनीचे कागद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीमागं १०० रुपये भरून बघता येतात. दोघीतिघींनी मिळून एकदाच पैसे भरले तर स्वस्त पडतं.

बाजारमूल्यानं पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला आहे. पाणी, कचरा, अपघात, कामगारांचे आकडे त्यात असतात, म्हणजे वर म्हटलेल्या पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर तिथं सापडतं. पण शिरोली, गोकुळ शिरगावच्या बहुतेक कंपन्या त्या हजारात नाहीत. त्यांच्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र शोधा. रोज किती पाणी वापरायचं, किती सोडायचं, कुठं सोडायचं याच्या अटी त्यात लिहिलेल्या असतात. शिवाय दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यावं लागतं. मिळालं नाही तर माहिती अधिकारात मंडळाकडं अर्ज टाका, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. खासगी कंपनीकडं थेट माहिती अधिकार चालत नाही, मंडळाकडं चालतो. हा अर्ज विषय ठरल्याच्या आठवड्यातच टाका. सबमिशनच्या महिन्यात टाकलेल्या अर्जाचं उत्तर निकालानंतर येतं.

केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर जिल्हानिहाय आकडे मिळतात. वापरा, पण जपून. कितीतरी खर्च 'संपूर्ण भारत' अशा खान्यात पडलेला असतो, त्यातला कोल्हापुरात किती आला ते कळायला मार्ग नाही. तळटीप टाका आणि पुढं चला.

गेटच्या आत जाणं

विभागप्रमुखांच्या सहीचं, महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचं पत्र हवंच. त्यात 'माहिती केवळ शैक्षणिक कामासाठी' आणि 'कंपनीचे नाव न छापण्याची तयारी' ही दोन वाक्यं घाला. दुसऱ्या वाक्यानं दारं उघडतात. तरीही ठरलेलं उत्तर ऐकायची तयारी ठेवा, "मॅडम, ते सगळं पुण्याच्या ऑफिसातनं बघतात." कारखाना इथं आणि निर्णय तिथं, ही स्वतःच एक नोंद आहे. तारखेनिशी डायरीत लिहा. कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणतो, मग त्या भागाचा माणूस निर्णयाच्या टेबलावर आहे का, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

छोट्या उद्योजकांपर्यंत पोचायला संघटनांची वाट बरी. शिरोलीत स्मॅक, गोकुळ शिरगावला गोशिमा, उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन. तिथल्या ऑफिसात नम्रपणे पत्र द्या, चार दिवसांनी फोन करा. ओळखीनं भेट मिळाली तर मालक स्वतः बोलतात, आणि मालक बोलायला लागला की एचआरच्या दहा उत्तरांएवढं एका चहात मिळतं. सोमवारी नको, पहिल्या शिफ्टच्या सुरुवातीला नको. औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या, नाहीतर बंद शटर बघून परत यावं लागतं.

गावात काय विचारायचं

इथं वेळ घालवा. बाकी सगळं टेबलावर बसून होतं, हे होत नाही.

औद्योगिक वसाहतीजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी गेले होते. व्हरांड्याच्या कोपऱ्यात पाणी शुद्ध करायचं मशीन, वर स्टीलची चकचकीत पाटी, पाटीवर कंपनीचं नाव आणि उद्घाटन करणाऱ्यांची नावं. तोटीला सुतळी गुंडाळलेली. पोरं खिचडी खाऊन मागच्या नळावर बाटल्या भरत होती. गुरुजी म्हणाले, "उद्घाटनाला सगळे आलते. फिल्टर बदलायला कोण येत नाही, आणि लाईट बिल कशातनं भरायचं?" त्याच कामापुढं कंपनीच्या अहवालात 'सुरक्षित पेयजल' आणि लाभार्थी म्हणून शाळेचा अख्खा पट.

गुरुजींना वाईट वाटलं म्हणून कंपनी वाईट, असं लिहून थांबता येत नाही. असं का होतं ते नियमांत शोधा. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेकडं, लाभार्थी गटाकडं किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडं जाते. म्हणजे मशीन शाळेचं झालं, आणि देखभालही. बहुवर्षीय प्रकल्पालाही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा आहे. शाळेच्या अनुदानात फिल्टरचा खर्च धरलेला असतोच असं नाही. दुसऱ्या एका शाळेत असंच मशीन चालू होतं, कारण तिथं देणाऱ्यांनी देखभालीचा करार आधीच करून त्याचे पैसे भरले होते. दोन्ही शाळा अहवालात एकाच ओळीच्या. फरक फक्त जाऊन बघणाऱ्याला दिसतो.

म्हणून प्रश्नावलीतून 'आपण या उपक्रमाबाबत समाधानी आहात का?' हे पाच पर्यायांचं प्रकरण काढून टाका. आपली माणसं दारात आलेल्या पोरीला नाराज करत नाहीत. सगळे 'पूर्ण समाधानी' सांगतात, वर चहा पाजतात. त्याऐवजी घडलेलं विचारा:

- हे शेवटचं कधी बंद पडलं? तेव्हा कुणाला फोन केला?
- दुरुस्तीचे पैसे कुणी दिले?
- हे द्यायच्या आधी तुम्हाला काय पाहिजे असं कुणी विचारलं होतं का?
- कागदावर हे कुणाच्या मालकीचं आहे?

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात लांब उत्तरं मिळतात. एका आजींनी मला सरळ सांगितलं की त्यांना हवा होता स्मशानाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दिवा, आणि मिळाली बागेतली घसरगुंडी. अशी वाक्यं जशीच्या तशी, त्यांच्याच बोलीत टिपून घ्या. प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहू नका.

बायकांशी दुपारी बोला, पुरुषांशी पारावर संध्याकाळी. सरपंचांना आधी भेटा, पण सगळ्या मुलाखती त्यांच्या माणसाला बरोबर घेऊन करू नका. कामगारांशी कधीच गेटसमोर बोलू नका. त्यांचं नाव, खातं, शिफ्ट असं काही लिहू नका ज्यावरून तो माणूस ओळखू येईल. आपली डिग्री होते, त्याची नोकरी जाते.

लिहिणं

सगळेजण पहिल्या प्रकरणापासून लिहायला घेतात आणि 'प्रस्तावना' मध्येच महिना जातो. चौथ्या प्रकरणापासून, म्हणजे तुम्ही गोळा केलेल्या माहितीपासून सुरू करा. ती हातात असली की सिद्धान्ताचं प्रकरण किती लागणार ते आपोआप कळतं. मिल्टन फ्रीडमननी १९७० मध्ये मांडलं की धंद्याची जबाबदारी नियमांत राहून नफा वाढवण्याची. फ्रीमननी १९८४ मध्ये भागधारकांपलीकडच्या हितसंबंधीयांचा विचार पुढं आणला, आणि कॅरॉलनी १९९१ मध्ये चार पायऱ्यांचा पिरॅमिड दिला, खालून वर: आर्थिक, कायदेशीर, नैतिक, परोपकारी. एवढं पुरतं, पण ते तुमच्या गावाला लावून दाखवा. बंद मशीन पिरॅमिडच्या टोकावर आहे आणि फाउंड्रीतली धूळ खालच्या दोन पायऱ्यांवर, हे एक वाक्य तीन पानं उताऱ्यांपेक्षा भारी.

आणखी एक. कोल्हापूरचा प्रबंध म्हणजे सुरुवातीला राजर्षी शाहू महाराज येणारच. १९०२ चं आरक्षण, वसतिगृहं, १९०६ ची शाहू मिल. आदर सगळ्यांनाच आहे, पण ती राज्यकर्त्याची धोरणं होती, कंपनीचा सीएसआर नव्हता. एक परिच्छेद लिहा, सरळ 'भारतातील सीएसआरचे जनक' करून टाकू नका.

संदर्भासाठी शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, पीएच.डी. प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. बघा, शिका, उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढं ४० टक्क्यांपर्यंत दुरुस्त करून परत द्यावं लागतं, आणि वर गेलं तर शिक्षा वाढत जाते. कायद्याची कलमं शब्दशः टाकली की टक्के चढतात, म्हणून ती स्वतःच्या शब्दांत लिहा. एआयकडून लिहून घेतलेली प्रकरणं गाईडना पहिल्या पानावर कळतात, कारण त्यात शिरोलीचा वासच नसतो.

व्हायवा

सॅम्पल एवढाच का, हा प्रश्न येतोच. 'वेळ कमी होता' हे खरं असलं तरी उत्तर नव्हे. कोणती गावं घेतली, कोणती सोडली आणि का, ते सांगा. दुसरा हमखास प्रश्न सहकारी कारखान्याचा, त्याचं उत्तर वर आलंय. तिसरा: "मग तुमच्या मते कंपनीनं काय करावं?" इथं भाषण नको. देखभालीची रक्कम प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावी, अशी एखादी छोटी, करता येण्याजोगी शिफारस सांगा. परीक्षकांना तीच लक्षात राहते.

बाइंडिंगला राजारामपुरीत किंवा सायबर चौकात देताना आधी स्पायरल कॉपी गाईडना दाखवा. हार्ड बाउंड झाल्यावर सापडलेली चूक महागात पडते, आणि सबमिशनच्या आठवड्यात दुकानदार तुमचं ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

जमा केल्यावर एक काम उरतं. ज्या गावांनी, शाळांनी वेळ दिला त्यांच्यासाठी मराठीत दोन पानांचा सारांश काढा. माणसांची नावं नकोत, पण मालमत्ता कुणाच्या नावावर आहे, देखभाल कुणाकडं येते आणि मागणीपत्र कंपनीत कुणाला लिहायचं, हे त्यात असू द्या. एक प्रत गुरुजींना, एक ग्रामपंचायतीत आणि एक कंपनीच्या त्या एचआर साहेबांना, पुण्याच्या ऑफिसला पाठवा म्हणून.